सतरा डॉलर आणि एक नाव

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी आई माझ्यासोबत टेबलापाशी बसली होती. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात किराण्याचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या दाराशी डाव्या हाताला भोपळ्यांचा ढीग, शेवंतीच्या कुंड्या, आणि त्यांच्या पलीकडे आमचं घडीचं टेबल. टेबलावर माजी सैनिकांच्या थडग्यांवर ठेवायच्या पुष्पचक्राचा नमुना म्हणून एक प्लास्टिकचं हिरवं चक्र, त्याला लाल रिबिनीचा बो, ऑर्डरचे फॉर्म, ते उडू नयेत म्हणून ठेवलेले चार दगड आणि गल्ला म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मॅनेजरची अट अशी की वाटेत उभं राहायचं नाही आणि कुणाला हाक मारायची नाही. त्यामुळे आम्ही नुसतं हसायचं आणि लोक आपणहून थांबायची वाट बघायची.

आई साताऱ्याकडची, सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेली. तासभर तिने निमूट पाहिलं. मग म्हणाली, "अगं, वही कुठाय?"

"कसली वही?"

"हिशेबाची. लोक पैसे देतायत, तू डब्यात टाकतेयस. गेलेल्या माणसांच्या नावाने पैसे घेतेस, मग तर वही पाहिजेच."

मी फॉर्म दाखवला. तिने उलटसुलट करून पाहिला. "हा त्यांचा झाला. आपली वही कुठाय?"

गावात गणपतीची वर्गणी गोळा करणारी पोरंसुद्धा पावतीपुस्तक घेऊन येतात, आणि पावती न फाडणाऱ्या मंडळाबद्दल पुढे वर्षभर काय बोललं जातं, ते आईला ठाऊक आहे. मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोनशे पानी वही घेऊन गेलो. त्या वहीमुळे जे सुचत गेलं, ते इथे मांडते आहे.

आधी आम्ही काय विकतो ते सांगते. पुष्पचक्र म्हणायची सवय म्हणून म्हणते, नाहीतर यात एकही फूल नसतं. बाल्सम फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या तारेच्या कड्यावर बांधायच्या आणि वर लाल बो लावायचा. अमेरिकेत नाताळात घराच्या दारावर लावतात तेच हे. फक्त हे माजी सैनिकांच्या थडग्यांवर ठेवायचं, डिसेंबरातल्या एका ठरलेल्या शनिवारी, देशभर एकाच दिवशी. कार्यक्रमाचं नाव 'रीथ्स अक्रॉस अमेरिका'. सुरुवात १९९२ची. मेन राज्यातल्या हॅरिंग्टन गावी मॉरिल वुस्टर यांचा ही चक्रं करण्याचा कारखाना. त्या वर्षी हंगाम संपत आला तरी पाचेक हजार चक्रं शिल्लक राहिली. लहानपणी पेपर टाकणारा पोरगा असताना एका स्पर्धेत जिंकून ते वॉशिंग्टनची सहल करून आले होते, आणि तिथल्या आर्लिंग्टनची सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी त्यांच्या डोक्यात राहिली होती. शिल्लक माल त्यांनी तिकडे पाठवला. तिथल्या जुन्या भागात, जिथे फारसं कुणी फिरकत नाही अशा थडग्यांवर, तो ठेवला गेला. पुढची तेरा वर्षं हे असंच शांतपणे चाललं. २००५मध्ये बर्फातल्या त्या थडग्यांचा एक फोटो इंटरनेटवर पसरला, २००७मध्ये रीतसर संस्था झाली, आणि आता चार हजारांहून अधिक दफनभूम्यांमध्ये वर्षाला तीस लाखांच्या आसपास चक्रं ठेवली जातात.

हे होतं कसं? आमच्यासारख्या टेबलांमुळे. स्काउटची पोरं, चर्चचे गट, शाळांचे बँड, माजी सैनिकांच्या बायकांची मंडळं असे गट देशभर टेबलं लावतात. एका चक्राचे सतरा डॉलर. त्यातले पाच गटाला परत मिळतात, बाकीचे बारा संस्थेकडे जातात. आम्ही तिघी-चौघी आणि गावातले काही निवृत्त लोक मिळून आमचा गट. आमची दफनभूमी गावाची, जुनी. तिच्यात माजी सैनिकांची सहाशेच्या वर थडगी आहेत. अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या यादवी युद्धापासून इराकपर्यंत.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. सतरातले बारा जातात कुठे? चक्र, वाहतूक, कचेरीचा खर्च. वाहतुकीतला बराच भार मालवाहू कंपन्या फुकटात उचलतात. पण चक्रं येतात ती मुख्यतः वुस्टर कुटुंबाच्याच कारखान्यातून. म्हणजे ज्यांनी दानाची चळवळ उभी केली, त्यांच्याच धंद्याकडून ती चळवळ माल घेते. यात चोरटं काही नाही. संस्थेच्या वार्षिक करविवरणात हा संबंध लिहिलेला असतो, ते विवरण कुणालाही वाचता येतं, आणि आपण निविदा मागवून खरेदी करतो असं संस्था सांगते. वर्तमानपत्रांनी यावर लिहूनही झालं आहे. मला यात गुन्हा दिसत नाही. कारखान्यातला शिल्लक माल ट्रकमध्ये भरून पाठवणारा माणूस नसता तर हे काही उभं राहिलंच नसतं. पण टेबलाशी थांबणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आणि ते त्याने करविवरण हुडकून नव्हे, आमच्याच तोंडून ऐकायला हवं.

आमच्या गटात यावर भांडण झालं. एकीचं म्हणणं, "लोक शहिदांसाठी देतात, त्यांच्यासमोर पुरवठादाराची चर्चा कशाला? मूड जातो." मूड! भावनेवर चालणाऱ्या प्रत्येक वर्गणीचा हाच आजार आहे. विषय जितका पवित्र, तितका हिशेब विचारणं उर्मट वाटायला लागतं. देवळाच्या दानपेटीला कुणी विचारत नाही, सैनिकांच्या निधीला तर नाहीच. मला वाटतं उलट असावं. जिथे विचारायला जीभ अडखळते, तिथे विचारण्याआधीच सांगून टाकावं. मग आम्ही पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं: 'सतरा डॉलर. पाच आमच्या गटाला, बारा संस्थेला. चक्र संस्थापकांच्या कुटुंबाच्या कारखान्यातून येतं. आमच्या पाचांचं काय होतं ते वहीत पाहा.' पाटी लागल्यावर जमा घटली का? पहिले दोन शनिवार थोडी घटली. एक गृहस्थ पाटी वाचून पैसे न देता गेले. जाऊ देत. बाकीचे थांबले ते जास्त वेळ थांबले.

हिशेबाची गोष्ट इथे संपते असं मला वाटलं होतं. पण वहीने भलतीकडेच नेलं.

आमच्या गटाचा खरा जीव अडकलेला होता तो आकड्यात. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक दफनभूमीचं पान असतं: इतकी थडगी, इतकी चक्रं आली, इतकी बाकी. रोज सकाळी चहाबरोबर आम्ही तो आकडा बघायचो. साठ टक्के, बासष्ट टक्के. शेजारच्या गावचे ऐंशीवर गेले की आमच्या पोटात दुखायचं. या दुखण्याची मला जुनी ओळख आहे. शाळेत असताना डिसेंबर उजाडला की बाई कागदी झेंड्यांचा गठ्ठा वाटायच्या. ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. झेंडा इवलासा, लाल, गडद निळा आणि आकाशी, टाचणीने खिशावर लावायचा. १९४९पासून हा दिवस पाळला जातो, आणि त्यातून मिळणारे पैसे सैनिकांच्या विधवांना, अपंग जवानांना, माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला जातात. हेतू निर्मळ. पण आम्हा पोरांना गठ्ठा संपवायचा होता. उरलेल्या झेंड्यांचे पैसे घरून आणायचे, असा शाळेचा अलिखित नियम होता. मी दोन वर्षं उरलेले झेंडे दप्तराच्या तळाशी लपवले आणि वडिलांच्या खिशातून आठ आणे घेतले. झेंड्यामागचे जवान कोण, ते कुठे लढले, आमच्याच गल्लीतल्या कुणाच्या घरात फोटोला हार आहे, हे कुणी सांगितलं नाही. बाईंनाही वेळ नसावा. त्यांच्यावरही वरून इष्टांक असणार.

इष्टांक हा शब्द महाराष्ट्रात सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. ध्वजदिन निधीचा जिल्ह्याला इष्टांक असतो, तो खात्याखात्यांत वाटला जातो. मग 'इष्टांकापेक्षा जास्त संकलन' अशी बातमी येते, कौतुकाचं पत्र मिळतं, जिल्हाधिकारी कार्यालयात फोटो निघतो. पैसा गोळा होतो, तो उपयोगीही पडतो, हे नाकारायचं कारण नाही. पण लोकांनी द्यायचं आणि लोकांकडून वसूल करायचं यातली रेघ इष्टांकाने पुसली जाते. अमेरिकेत वरून कुणाचा हुकूम नाही. आम्ही आपल्या हाताने स्वतःला इष्टांक लावून घेतला होता, एवढाच फरक.

आणि आकडा काय करतो हे मी आणखी एका ठिकाणी पाहिलेलं आहे. साताऱ्यात, कोकणात, पुण्याच्या आसपासच्या गावांत जुन्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवराची छोटी पाटी बसवलेली असते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने लावलेली. मजकूर बहुतेक सगळीकडे सारखा: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. नाव एकाचंही नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घराघरातून माणूस लष्करात गेलेला, तिथे लोकांना आपली माणसं तोंडपाठ आहेत, पण इतरत्र शंभर वर्षांत ती नावं गेली. आईच्या माहेरच्या गावी अशीच पाटी आहे. तिच्या आजोबांचे एक चुलते त्या आकड्यात आहेत असं घरात सांगतात. त्यांचं नाव विचारलं की दोन मावश्या दोन वेगळी नावं सांगतात.

त्याहून मागे गेलं तर वीरगळ, लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एक्सरमधल्या वीरगळांवर तर आख्खं जहाजांचं युद्ध कोरलं आहे. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहो, असा त्या खुणेचा अर्थ. चंद्रसूर्य आहेत. कीर्ती कुणाची ते मात्र महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लिहिलेलं नाही. आता त्यातल्या कितीतरी दगडांना शेंदूर लागला आहे आणि ते गावचे म्हसोबा झाले आहेत.

या पार्श्वभूमीवर आर्लिंग्टन बघितलं की मला हेवा वाटतो. तिथला शिपाई असो वा सेनापती, ओळख पटलेली असली तर दगडावर त्याचं नाव असतंच. आमच्या गावच्या दफनभूमीत यादवी युद्धातले दगड आहेत. पांढरे, वरून कमानीसारखे, मध्ये ढालीच्या आकाराचा खळगा, त्यात उठावाची अक्षरं. एकावर एवढंच: नाव, 'को. बी, १४ एन. जे. इन्फ.' म्हणजे चौदावी न्यू जर्सी पायदळ तुकडी, बी कंपनी. दीडशे वर्षांच्या पावसाने आडनावातली दोन अक्षरं झिजली आहेत. बोटाने चाचपली तरच लागतात.

आणि या कार्यक्रमात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. चक्र ठेवताना दगडावरचं नाव मोठ्याने वाचायचं, असा प्रघात आहे. ठेवायचं, एक पाऊल मागे यायचं, वाचायचं. बस्स.

माझा मुद्दा सरळ आहे. सतरा डॉलर, ट्रक, फरच्या डहाळ्या, लाल बो, टेबल, हा सगळा खटाटोप त्या एका क्षणासाठी आहे: एका जिवंत माणसाने एका मेलेल्या माणसाचं नाव उच्चारावं. आणि त्या क्षणाला पैसा लागत नाही. म्हणून टेबलावर बसणाऱ्याने आपलं यश किती चक्रं खपली यावर मोजणं चूक आहे. मोजायचंच तर डिसेंबरात किती माणसं आली आणि किती नावं वाचली गेली, हे मोजावं. आमच्या पहिल्या वर्षी चक्रं भरपूर आली आणि माणसं कमी. डिसेंबरात एका उत्साही गटाने पेट्या फोडून अर्ध्या तासात ओळीच्या ओळी सजवल्या, फोटो काढले आणि गेले. नावं वाचायला वेळ कुठला? लांबून दफनभूमी सुंदर दिसत होती. मला मात्र वडिलांच्या खिशातले आठ आणे आठवले.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला आमच्याच गटातल्या एका आजोबांनी ऐकवला. व्हिएतनाममध्ये ते हेलिकॉप्टरची दुरुस्ती करायचे. ते म्हणाले, "तू नावाचं बोलतेस ते ठीक. पण डिसेंबरात एखादी बाई नवऱ्याच्या थडग्याशी येते, डावीकडे चक्र, उजवीकडे चक्र, आणि मध्ये तिच्या नवऱ्याचा दगड उघडा. तिला काय सांगशील? आमचा भर नावावर आहे म्हणून?" यावर उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही. उघडा दगड बोचतो. मोठमोठ्या दफनभूम्यांतही चक्रं कमी पडल्याची वर्षं आली आहेत, आणि तेव्हा लोकांना वाईट वाटलं ते खोटं नव्हतं. आकड्यामागे धावणाऱ्यांना मी आकड्याचे वेडे म्हणत होते, त्यांच्या डोळ्यापुढे ही बाई असते हे मला तोवर दिसलं नव्हतं.

तरीही माझं मत मी पूर्ण सोडलं नाही, वळवलं. प्रत्येक दगडावर चक्र पोहोचलं नाही तर चालेल, प्रत्येक दगडाशी माणूस पोहोचला पाहिजे. चक्रं कमी असली तर कुणाला आधी, हे टेबलावरच ठरवून सांगावं. आम्ही ठरवलं: ज्यांचं कुणी येत नाही त्यांना आधी. हेच तर १९९२चं मूळ होतं, कुणी फिरकत नाही असा जुना भाग. ज्याची बायको-मुलं येतात त्याला ती हाताने फुलं आणतातच. बी कंपनीच्या त्या शिपायाला कोण आणणार? आजोबांना हे अर्धंच पटलं. त्यांनी स्वतःच्या पैशाने वीस चक्रं जास्तीची घेऊन ठेवली. त्या बाईसाठी.

चक्राशिवाय नाव वाचता येतं याचा पुरावा दफनभूमीतच आहे. काही दगडांवर दाऊदचा तारा कोरलेला असतो. ज्यूंच्या थडग्यांवर फुलं-पानं ठेवायची रीत नाही, ते लहानसा खडा ठेवतात. घरच्यांनी मागितल्याशिवाय तिथे चक्र ठेवू नये असं संस्था सांगते, आणि ते योग्यच आहे, कारण नाताळची खूण ती नाताळची खूण, तिला कितीही 'सर्वांसाठी' म्हटलं तरी. पहिल्या वर्षी आमच्यातले बरेच जण अशा दगडाशी आले की गोंधळून पुढच्याकडे जायचे. आता आम्ही तिथे थांबतो, नाव वाचतो, खडा ठेवतो. मला विचाराल तर त्या दगडांशीच हा सोहळा सगळ्यात खरा होतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मेलेल्यांना हिरवी कडी घालण्यापेक्षा जिवंतांना पैसे द्या. टेबलाशी आठवड्याला एक तरी माणूस हे बोलून जातो, आणि बोलणारा पुष्कळदा स्वतः माजी सैनिक असतो. आईनेही निराळ्या शब्दांत हेच विचारलं होतं: "ह्यांच्या बायकापोरांचं पुढे काय झालं?" या देशात माजी सैनिकाच्या थडग्याचा दगड सरकार फुकट देतं, गावच्या किंवा खासगी दफनभूमीतसुद्धा. म्हणजे चक्र नसलं तर थडगं उघड्यावर पडत नाही. चक्र ही गरज नाही, भावना आहे. गरज जिवंतांना आहे. या बाबतीत जुनी कागदी पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर लावायचं लाल फूल, जास्त शहाणी वाटते. परदेशांतल्या युद्धांत लढलेल्यांच्या एका मोठ्या अमेरिकन संघटनेने शंभर वर्षांपूर्वी 'बडी पॉपी' सुरू केली. ती फुलं अपंग आणि गरजू माजी सैनिक बनवतात, त्यांना त्याची मजुरी मिळते, आणि जमलेले पैसे माजी सैनिकांच्या मदतीला जातात. फूल छातीवर, पैसा घरात. आपला ध्वजदिनही त्याच जातीचा. स्मरणाची खूण जिवंतांच्या पोटाशी जोडायची ही अक्कल चक्राच्या योजनेत मुळात नाही. पण गटाला मिळणारे पाच डॉलर ही फट आहे, आणि तिचा उपयोग करणं पूर्णपणे टेबलावर बसणाऱ्यांच्या हातात आहे. बरेच गट त्या पाचांची पुन्हा चक्रंच घेतात, म्हणजे टक्का वाढतो. आम्ही गेल्या वर्षीपासून ते पैसे गावातल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांना दवाखान्यात न्यायच्या गाडीच्या पेट्रोलला देतो. वहीत प्रत्येक फेरी लिहिलेली आहे. टक्का घसरला. शेजारचं गाव शंभरावर गेलं. पोटात अजून थोडं दुखतं.

आता आपल्या लोकांविषयी. आमच्या भागात मराठी बरेच, गणपतीला आणि दिवाळीला शाळेचं सभागृह अपुरं पडतं. टेबलाशी ओळखीचे चेहरे येतात, हाय-हॅलो करतात, आणि पाटी दिसली की पिशव्या सावरत निघतात. एक काका सरळच म्हणाले, "अहो, हे त्यांचं आहे, तुम्ही कुठे त्यात?" राग नाही आला. दफनभूमी आपल्या अंगवळणी नाही, आपण माणूस नदीत सोडतो आणि मोकळे होतो. पण 'त्यांचं' म्हणताना एक गोष्ट विसरते. भगतसिंग थिंद नावाचे पंजाबातून आलेले गृहस्थ १९१८मध्ये अमेरिकेच्या लष्करात भरती झाले, सन्मानाने बाहेर पडले, आणि १९२३मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. शेवटी १९३६मध्ये नागरिकत्व मिळालं ते महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला या देशाचं दार उघडलं ते त्याच्या लष्करी गणवेशाने. आज थडग्याच्या सरकारी दगडावर कोरायला मान्य असलेल्या धार्मिक खुणांच्या यादीत ॐ आहे. तो त्या यादीत आला म्हणजे कुणालातरी तो लागला असणार. हे मी त्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "असं होय?" आणि पैसे न देता गेले. डिसेंबरात मात्र आले, नातवाला घेऊन. मला हीच वर्गणी हवी होती.

कारण आम्ही आता टेबलावर मागतो तेच आधी. "डिसेंबरात दोन तास मिळतील का?" हा पहिला प्रश्न, पैसे नंतर. वहीचं डावं पान जमाखर्चाचं आणि उजवं नावांचं. यादी दफनभूमीच्या कचेरीतून घेतली, आणि जिथे कचेरीच्या नोंदी अपुऱ्या होत्या तिथे आम्ही दोन रविवार दगड वाचत हिंडलो. येणाऱ्या प्रत्येकाला पाच नावं द्यायची. त्याने ती आधी घरी म्हणून बघायची. हा माझा हट्ट. पोलिश, इटालियन, हंगेरियन आडनावं इथल्या लोकांच्याही जिभेला लागत नाहीत. माझ्या आडनावाची गेली वीस वर्षं या देशात जी चटणी होते आहे, ती सोसल्यामुळे मला या बाबतीत कुणाला सूट द्यावीशी वाटत नाही. चुकीचं वाचलेलं नाव म्हणजे हाक दुसऱ्यालाच गेली. एका पोलिश आडनावासाठी मी बेकरीतल्या म्हाताऱ्या बाईंना तीनदा उच्चारायला लावलं. चौथ्यांदा त्यांनी मला एक पाव फुकट दिला आणि जायला सांगितलं.

टेबलामुळे आणखी एक झालं, ते मी योजलेलं नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी टोपी घातलेला एक माणूस थांबला. पाटी वाचली. काही घेतलं नाही. मग म्हणाला की त्याचा एक मित्र ओहायोत पुरलेला आहे, तिथे कुणी असं टेबल लावतं का ते त्याला माहीत नाही. नाव सांगितलं. मी ते उजव्या पानावर लिहिलं, आमच्या दफनभूमीत नसतानाही. तो पान उलटं वाचत राहिला, स्पेलिंगमधलं एक अक्षर दुरुस्त करवून घेतलं आणि दुकानात गेला. बाहेर आला तेव्हा दुधाचा कॅन हातात होता, आमच्याकडे बघितलं नाही. त्या शनिवारी डब्यात एकशे दोन डॉलर जमले, म्हणजे फक्त सहा चक्रं, सगळ्या हंगामातला सगळ्यात पडेल दिवस. वहीच्या उजव्या पानावर मात्र दुसरीकडच्या अकरा जणांची नावं आली होती.

चक्रं उचलायला जानेवारीत जावं लागतं, हे कुणी टेबलावर सांगत नाही. डिसेंबरात गर्दी असते, बिगुल असतो, पोरांच्या हातात कोको असतो. जानेवारीत डहाळ्या तपकिरी होतात, बोचा रंग उतरतो, तारेची कडी बर्फाला चिकटतात आणि हातमोज्यातून बोटं बधिर होतात. या वर्षी आम्ही सातजण होतो. एकाने चक्र उचलायचं, दुसऱ्याने वही धरायची. बी कंपनीच्या दगडाशी आजोबांनी हातमोजा काढला, झिजलेली दोन अक्षरं चाचपली आणि नाव वाचलं. थंडीत पेनातून शाई उतरेना म्हणून मी पेन्सिलीने टिक केली. डिसेंबरात राहून गेलेली त्रेचाळीस नावं होती, अंधार पडेपर्यंत एकोणतीस झाली. रात्री साताऱ्याला फोन लावला तर आईने जमा-खर्च विचारलाच नाही. म्हणाली, "चौदा राहिली ना? उद्या रविवार आहे."